धातूच्या पोटातील दोष : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

लोखंडी बांधकाम, कारखान्यातील शाफ्ट, रूळ आणि बॉयलरच्या नळ्या यांच्या अल्ट्रासॉनिक तपासणीविषयी (यूटी, म्हणजे धातूत ध्वनी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून, इकोवरून, आतला दोष शोधणे) मराठवाड्यातून आलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : वाळूजला आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. क्रेन गॅन्ट्रीच्या गर्डरमध्ये २० मिमी प्लेटचे बट जॉइंट (कडेला कड लावून केलेले वेल्ड) होते. एजन्सी बोलावून यूटी करून घेतली. रिपोर्टमध्ये प्रत्येक जॉइंटपुढे फक्त 'दोष नाही' असे लिहिले होते. ग्राहकाच्या इन्स्पेक्टरने तो परत पाठवला. तपासणी नीट झाली की नाही हे आम्ही कसे ओळखावे? एक्स-रे केला असता तर बरे झाले असते का?

इन्स्पेक्टरने रिपोर्ट परत पाठवला ते योग्यच केले. 'दोष नाही' हे म्हणणे कशाच्या आधारावर आहे ते त्याच कागदावर दिसले पाहिजे. कोणता प्रोब (ध्वनी सोडणारा आणि इको टिपणारा भाग), किती मेगाहर्ट्झचा, कोणत्या ब्लॉकवर (यंत्र लावून घेण्याच्या प्रमाणित ठोकळ्यावर) सेटिंग केले, स्कॅन किती डेसिबलवर झाले, वेल्डच्या एका बाजूने झाले की दोन्ही, आणि प्रोब कुठे पोहोचलाच नाही. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. स्टिफनर (गर्डरला मजबुती देणारी पट्टी) आडवा आल्यामुळे १५० मिमी लांबी एकाच बाजूने तपासली, असे स्पष्ट लिहिणारा रिपोर्ट आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

पुढच्या वेळी तपासणी चालू असताना शेजारी उभे राहा आणि या गोष्टी पाहा.

आधी जागेची तयारी. २० मिमी प्लेटवर ७० अंशांचा प्रोब लावला तर ध्वनी तळाला आपटून पुन्हा पृष्ठभागावर येईपर्यंत ११० मिमी पुढे जातो. हा फुल स्किप. त्यात प्रोबची लांबी मिळवली की वेल्डच्या दोन्ही बाजूंना सुमारे १४० मिमी पट्टा स्वच्छ लागतो. त्यावरचे स्पॅटर (वेल्डिंगचे उडून चिकटलेले थेंब) छिन्नीने किंवा ग्राइंडरने काढलेले असावेत. एक स्पॅटरचा दाणा राहिला तरी प्रोब तिथे उचलला जातो, खाली हवा येते आणि तेवढ्या जागेपुरती तपासणी होतच नाही. स्क्रीन कोरी दिसते आणि जॉइंट चांगला समजला जातो.

मग त्याच पट्ट्यावर सरळ, म्हणजे शून्य अंशाचा प्रोब फिरवलेला असावा. ही पायरी सर्रास गाळली जाते. प्लेटमध्ये रोलिंगच्या वेळचे लॅमिनेशन (प्लेटला समांतर सुटलेला थर) असेल तर तिरका ध्वनी त्यावरूनच परततो, वेल्डपर्यंत पोहोचत नाही.

त्यानंतर सेटिंग. व्ही-१ ब्लॉकच्या १०० मिमी त्रिज्येवर प्रोब पुढेमागे करून सर्वांत उंच इको धरतात. त्या स्थितीत ध्वनी प्रोबच्या नेमक्या कोणत्या बिंदूतून बाहेर पडतो ते कळते, त्याची खूण प्रोबच्या कडेला करतात. प्रोबवर ७० लिहिले आहे म्हणून कोन ७० आहे असे धरून चालत नाही, तोही ब्लॉकवर मोजायचा. खालचा पर्स्पेक्सचा बूट (प्रोबखालचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा) तिरका झिजला की कोन बदलतो. मग ठरावीक व्यासाची आडवी भोके वेगवेगळ्या खोलीवर पाडलेल्या ब्लॉकवर इकोची उंची घेऊन डीएसी वक्र (खोलीनुसार अपेक्षित इकोची उंची दाखवणारी रेषा) काढतात. खोली वाढली की तेवढ्याच भोकाचा इको ठेंगणा होतो, त्याची ही भरपाई. ब्लॉक गुळगुळीत असतो आणि तुमची प्लेट खडबडीत, म्हणून त्या फरकाचे डेसिबल वेगळे मोजून मिळवावे लागतात. स्कॅन करताना आणखी किमान ६ डेसिबल वाढवतात आणि दोष मोजताना पुन्हा मूळ पातळीवर येतात. प्रोबचा वेग सेकंदाला १५० मिमीच्या आत असावा आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढलेला असावा.

आता प्रोबच्या कोनाविषयी थोडे सविस्तर, कारण चांगली तपासणी आणि नावापुरती तपासणी यांतला फरक इथे पडतो. तुमचा ग्रूव्ह, म्हणजे वेल्ड भरायची खाच, ६० अंशांचा सिंगल-व्ही असेल तर प्लेटची बेव्हल (तिरकी तासलेली कड) उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली असते. या कडेला वेल्ड चिकटलाच नसेल, म्हणजे साइडवॉल फ्यूजन झालेले नसेल, तर त्या सपाट दोषावर ध्वनी काटकोनात पडला पाहिजे. ६० अंशांचा प्रोब तळावरून परतल्यावर, म्हणजे दुसऱ्या लेगमध्ये, नेमका तसाच पडतो. पण रूटमधल्या, म्हणजे वेल्डच्या तळातल्या, उभ्या भेगेला हाच ६० अंशांचा प्रोब कमी पडतो. उभ्या पृष्ठभागावर आदळताना त्या ध्वनीचा मोठा भाग वेगळ्या प्रकारच्या लहरीत बदलून भलतीकडे निघून जातो आणि इको फसवा ठेंगणा येतो. म्हणून रूटसाठी ४५ किंवा ७० आणि कडांसाठी ६०. फक्त एकाच कोनाने सगळे जॉइंट तपासले असतील तर त्याचे कारण विचारा.

रूटजवळचा प्रत्येक इको दोषाचाच असतो असेही नाही. २० मिमी प्लेटवर ७० अंशांनी रूटपर्यंतचे अंतर ५८.५ मिमी येते. त्याच्या किंचित पुढे, समजा ६१ वर, इको आला आणि कागदावर मांडल्यावर त्याची जागा मध्यरेषेच्या पलीकडे पडली, तर तो बहुधा आत उतरलेल्या रूट बीडचा आहे. वेल्डच्या दुसऱ्या बाजूने पाहिल्यावरही तो मध्यरेषेपलीकडेच पडतो. रूट खरोखर सुटलेला असेल तर दोन्ही बाजूंनी मोजूनही जागा मध्यरेषेवर किंवा तिच्या अलीकडे येते. वेल्डच्या वरच्या फुगवट्याचा इको ओळखण्याची युक्ती सोपी आहे. तेलात बुडवलेले बोट त्या जागी दाबावे. स्क्रीनवरचा इको बोटाबरोबर खालीवर झाला तर ध्वनी तिथल्या पृष्ठभागावरून येतो आहे.

एक्स-रेबद्दल : गॅस पोअर आणि स्लॅग फिल्मवर छान दिसतात. पण कडेचे लॅक ऑफ फ्यूजन किंवा किरणांना तिरकी असलेली बारीक भेग फिल्मवर सहज निसटते, आणि गर्डरला खरा धोका त्यांचाच. शिवाय इरिडियम-१९२ चा स्रोत वापरायचा तर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम, परवानगी, परिसर मोकळा करणे हे सगळे आले. २० मिमीच्या बट जॉइंटला आम्ही यूटीच सुचवू. ८ मिमीपेक्षा पातळ प्लेट असेल तर मात्र नेहमीच्या तिरक्या प्रोबने मोजमाप अवघड होते, तिथे वेगळा विचार करा. आयएस ४२६० मध्ये बट वेल्ड कसे तपासावेत ते दिले आहे, पण किती मोठा दोष चालेल हे तुमच्या करारात कोणता कोड लिहिला आहे त्यावर ठरते. ते काम घेण्यापूर्वीच लिहून घ्या.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये साइटवर दुपारी तपासणी केली की रीडिंग हलते, प्रोबखाली लावायची पेस्ट वाळते. काय करावे? (साइट सुपरवायझर, बीड)

मराठवाड्यातल्या उन्हात उघड्यावरची प्लेट हात ठेवता येणार नाही इतकी तापते. नुसते पोलाद तापण्याने फार बिघडत नाही. खरी अडचण पर्स्पेक्सच्या बुटाची. तो तापला की त्यातला ध्वनीचा वेग बराच घटतो आणि पोलादात शिरणारा कोन वाढतो. सावलीत ७० अंश मोजलेला प्रोब तापलेल्या प्लेटवर ७३-७४ च्या घरात जाऊ शकतो, मग दोषाची मांडलेली जागा चुकते. यावर उपाय म्हणजे कॅलिब्रेशन ब्लॉक एसी खोलीत न ठेवता अर्धा तास जॉबशेजारीच ठेवणे. ब्लॉक आणि जॉब यांच्या तापमानात १४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक नको. सेटिंग दर चार तासांनी, तसेच केबल किंवा बॅटरी बदलल्यावर, पुन्हा तपासा. मध्ये फरक सापडला तर आधीच्या तपासणीनंतरचे सगळे जॉइंट पुन्हा करायचे.

सीएमसी पावडरची पेस्ट थोडी पातळ करून थोड्याथोड्या लांबीवर लावा. ग्रीस उन्हात पातळ होऊन उभ्या प्लेटवरून ओघळते, आणि नंतर थिनरने नीट पुसले नाही तर तिथे रंग धरत नाही. शक्य असेल तर सकाळी सात ते दहा याच वेळेत काम उरका. स्क्रीनवर काळ्या कापडाची झापड लावा. उन्हाच्या चकाकीत २० टक्के उंचीचा इको डोळ्याला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात मिल रोलरचे शाफ्ट दर ऑफ सीझनला यूटीने तपासतो. दर वेळी एजन्सी वेगवेगळ्या ठिकाणी इंडिकेशन दाखवते, आणि शाफ्ट बाद करायचा की नाही ते ठरत नाही. शेल (शाफ्टवर घट्ट बसवलेला रोलरचा बाहेरचा दंडगोल) न काढता खात्रीची तपासणी होते का? (मेकॅनिकल विभाग, लातूर जिल्हा)

होते, पण शाफ्टचे ड्रॉइंग हातात असेल तरच. त्याशिवाय केलेली तपासणी हा अंदाजाचा कारभार होतो.

रोलर मिनिटाला चार फेरे घेतो असे धरले तर दिवसाला ५,७६० आणि १२० दिवसांच्या गाळपात जवळपास सात लाख फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा पृष्ठभाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. म्हणून तडा बाहेरून आत जातो आणि ठरावीक जागीच सुरू होतो : जर्नलच्या (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागाच्या) फिलेटमध्ये, म्हणजे गोलसर कोपऱ्यात, शेलच्या कडेखाली जिथे शेल आणि शाफ्ट एकमेकांवर सूक्ष्म घासतात, पिनियनच्या (दातेरी चाकाच्या) की-वेच्या, म्हणजे चावी बसवायच्या खाचेच्या, कोपऱ्यात आणि कपलिंगच्या चौकोनी टोकाच्या मुळाशी. या जागांची शाफ्टच्या दोन्ही टोकांपासूनची अंतरे मिलिमीटरमध्ये काढून एका कागदावर लिहा. तपासणी या कागदापासून सुरू होते.

शाफ्टचे टोक ग्राइंड करून सपाट करा आणि २ मेगाहर्ट्झचा, २४ मिमी व्यासाचा सरळ प्रोब लावा. मधल्या सेंटर-होलवर प्रोब ठेवू नका, त्याच्या भोवतीच्या कड्यावर घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी ठेवा. आधी समोरच्या टोकाचा बॅकवॉल इको मिळवा. तो मिळतच नसेल तर फोर्जिंगचे दाणे जाड आहेत किंवा मध्ये मोठा अडथळा आहे. १ मेगाहर्ट्झचा प्रोब लावून पाहा. त्याने इको चांगला वर आला तर दाण्यांचाच प्रश्न आहे.

वेगवेगळ्या ठिकाणी इंडिकेशन का येतात, त्याची तीन कारणे नेहमी आढळतात.

पहिले, शाफ्टच्या पायऱ्या. व्यास जिथे बदलतो तिथून इको येणारच. कागदावरच्या अंतराशी तो जुळला आणि चारही जागी सारखा आला तर ती पायरी. एकाच बाजूला उंच आणि समोरच्या बाजूला नसेल तर तिथे तडा असण्याची शक्यता धरा.

दुसरे, बॅकवॉलनंतर येणारे इको. ध्वनीचा झोत पसरून शाफ्टच्या अंगाला घासतो, त्याचा काही भाग कमी वेगाच्या शिअर लहरीत बदलतो आणि उशिरा पोहोचतो. पोलादात हे इको व्यासाच्या ०.७६ पट अंतरावर एकामागोमाग येतात. ३५० मिमी व्यासाला ते बॅकवॉलनंतर २६६ मिमीवर दिसतील. ते दोष नव्हेत.

तिसरे कारण यंत्राच्या सेटिंगचे, आणि ते फार कमी लोक तपासतात. साडेतीन मीटरच्या शाफ्टमध्ये ध्वनी जाऊन परत यायला सुमारे १.२ मिलिसेकंद लागतात. यंत्र सेकंदाला हजार स्पंदने सोडत असेल तर पहिला ध्वनी परतायच्या आत दुसरा निघतो आणि पहिल्याचा इको भलत्याच अंतरावर उमटतो. स्पंदनांचा दर, म्हणजे पीआरएफ, कमी करा. इको सरकला किंवा गायब झाला तर तो भुताटकी इको होता.

शेलच्या कडेखालची जागा सर्वांत अवघड. श्रिंक-फिट, म्हणजे शेलची शाफ्टवरची पकड, जिथे घट्ट आहे तिथे थोडा ध्वनी शेलमध्येही शिरतो आणि सीमेवरून अस्पष्ट इको येतो. इथे जर्नलवरून ४५ अंशांचा प्रोब शेलच्या दिशेने रोखून पूर्ण परिघावर फिरवा. फिट-सीमेचा इको परिघभर थोडाफार सारखा राहतो. तड्याचा इको एका पट्ट्यात एकदम उंचावतो आणि दोन्ही टोकांना उतरतो. उंची निम्मी होते, म्हणजे ६ डेसिबलने घटते, त्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे तड्याची अंदाजे लांबी.

बाद करायचा की नाही याचा निर्णय एका वर्षाच्या आकड्यावर घेऊ नये. आवारात पडलेल्या बाद शाफ्टपैकी एक घ्या, त्याच्या फिलेटमध्ये करवतीने ३ मिमी खोल खाच करा आणि दर वर्षी त्याच खाचेच्या इकोवर यंत्र लावा. मग या वर्षीचा इको खाचेपेक्षा किती डेसिबल वर आहे आणि गेल्या वर्षी किती होता, ही तुलना अर्थपूर्ण होते. एजन्सी बदलली तरी खाच तीच राहते. बेअरिंग उघडेच असेल तर फिलेटवर मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीही करून घ्या. पृष्ठभागावर उघडणारी बारीक भेग त्यात यूटीपेक्षा लवकर दिसते.

प्रश्न : जालन्यात तयार होणाऱ्या टीएमटी सळ्या यूटीने तपासता येतील का? (बांधकाम ठेकेदार, जालना)

साइटवर त्याचा उपयोग नाही. व्यास लहान, वर आडव्या-तिरक्या रिब्ज, त्यामुळे प्रोब टेकतच नाही. सळईसाठी आयएस १७८६ प्रमाणे ताण, बेंड आणि रिबेंड चाचणी, मीटरमागे वजन आणि रासायनिक तपासणी हेच योग्य. यूटीचा उपयोग त्याआधी, बिलेटवर, म्हणजे ज्यातून सळई लाटतात त्या पोलादी ठोकळ्यावर आहे. बिलेटच्या गाभ्यात राहिलेली पोकळ नळी, म्हणजे पाइपिंग, सरळ प्रोबने सापडते. ती रोलिंगमध्ये चेपली जाते, पण जुळतेच असे नाही.

प्रश्न : परभणी-नांदेड मार्गावर ट्रॉली ढकलत रूळ तपासणारे कर्मचारी दिसतात. रुळावर लाल फुल्या दिसतात. त्यांचा अर्थ काय? (विज्ञान शिक्षक, परभणी)

ही रेल्वेची यूएसएफडी (अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्शन) तपासणी. ट्रॉलीवर पाण्याची टाकी असते. ते पाणी प्रोब आणि रूळ यांच्या मधली हवा काढून टाकते. सरळ प्रोब रुळाच्या डोक्यापासून पायापर्यंत पाहतो आणि आडव्या पसरलेल्या भेगा पकडतो. ७० अंशांचे प्रोब एक पुढे आणि एक मागे तोंड करून असतात. रुळाच्या डोक्यात आतून वाढणारा, मूत्रपिंडाच्या आकाराचा उभा तडा त्यांना सापडतो. सरळ प्रोबला तो दिसत नाही, कारण त्याची कड ध्वनीच्या दिशेलाच असते.

तीन लाल फुल्या म्हणजे आयएमआर, तातडीने बदलायचा रूळ : वेग ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून कमी करायचा आणि तीन दिवसांत तो तुकडा काढायचा. एक फुली म्हणजे ओबीएस, निरीक्षणाखालचा. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. वरून सोडलेला ध्वनी रुळाच्या पातळ मानेतून खाली जातो, म्हणून पायाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या कडा ट्रॉलीला दिसत नाहीत. थर्मिट वेल्डचा (दोन रूळ जोडणाऱ्या वेल्डचा) पाया म्हणूनच हाताने, वेगळ्या प्रोबने तपासावा लागतो.

प्रश्न : डी-मीटरने बॉयलर ट्यूबची जाडी घेताना शेजारच्या दोन बिंदूंवर दुप्पट फरक येतो. मीटर बिघडला आहे का? (परळी वैजनाथ)

बहुधा नाही. ट्यूब झिजून फार पातळ झाली की काही मीटर पहिला इको सोडून दुसरा मोजतात, मग १.६ मिमीची भिंत ३.२ दिसते. म्हणजे मीटर सुरक्षित आकडा दाखवत असतो त्याच जागी नळी फुटायला आलेली असू शकते. शेजारच्यापेक्षा एकदम दुप्पट आलेले रीडिंग कधीही 'चांगले' म्हणून लिहू नका. ए-स्कॅन (इकोचा आलेख) दिसणाऱ्या यंत्रावर तो बिंदू पुन्हा घ्या, आणि मीटर १.५ ते २ मिमीच्या स्टेप ब्लॉकवर खरा आकडा देतो का ते पाहा.

टीआर प्रोबच्या (ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग वेगळे असलेल्या प्रोबच्या) तोंडावर मधोमध एक फट असते. ती नळीच्या लांबीला आडवी धरा. वरची राख आणि गंज काढूनच रीडिंग घ्या. रंगावरून घेतले तर रंगात ध्वनी पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो, त्यामुळे पाव मिलिमीटरचा रंग अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी दाखवतो. इको-टू-इको मोडमध्ये (लागोपाठच्या दोन इकोंमधले अंतर मोजताना) ही चूक टळते, पण आतून खड्डे पडलेल्या नळीत दुसरा इको येत नाही आणि तो मोड गप्प बसतो. पोलादासाठी वेग सेकंदाला ५,९२० मीटर ठेवतात. बिडाला हा आकडा चालत नाही, त्याच बिडाच्या मोजलेल्या तुकड्यावर मीटर लावा.

प्रश्न : डिप्लोमा मेकॅनिकल झाला आहे. यूटी शिकायची असेल तर सुरुवात कुठून करावी? (नांदेड)

लेव्हल १, २ आणि ३ अशा पायऱ्या आहेत. आयएस १३८०५ हा भारतीय मानक त्यासाठी आहे, आणि चेन्नईत मुख्यालय असलेली इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग परीक्षा घेते. खासगी कंपन्यांत एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकी मार्गदर्शिकेप्रमाणेही प्रमाणपत्र चालते. त्यात यूटीसाठी लेव्हल १ ला ४० आणि लेव्हल २ ला आणखी ४० तासांचे प्रशिक्षण आहे, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि दर वर्षी जवळच्या नजरेची तपासणी. दोन-तीन दिवसांत लेव्हल २ देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. प्रवेश घेण्याआधी संस्थेत दोष मुद्दाम घातलेले वेल्ड नमुने आहेत का आणि प्रत्येकाच्या हातात यंत्र किती तास मिळते ते विचारा. घरी सराव करायचा तर ग्राफपेपरवर १२, १६, २० आणि २५ मिमी प्लेटचे ग्रूव्ह पूर्ण मापात काढून ४५, ६० आणि ७० अंशांचे किरण त्यावर पट्टीने आखा.